अडीच वाजता, गाढ झोपेत

आमच्या निवासगृहातल्या रात्रपाळीच्या एका जुन्या नोंदवहीत माझ्या अक्षरात एक ओळ आहे. 'अडीच वाजता राउंड. खोली ११ : गाढ झोपेत, घोरतोय.' खाली माझी सही. त्या पानाची झेरॉक्स पोलिसांनी नेली, परवाना देणाऱ्या खात्याने नेली, संस्थेच्या वकिलांनीही नेली. राउंड झाला होता का, वेळेवर झाला होता का आणि सही आहे का, एवढंच सगळ्यांनी बघितलं. तिन्ही गोष्टी जागच्या जागी होत्या. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट ती ओळ संस्थेच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरली.

सकाळी सहाला दार तोडलं तेव्हा तो थंड पडला होता.

तो घोरत नव्हता, हे मला दीड वर्षाने कळलं. एका प्रशिक्षणाला गेलो होतो. शिकवणाऱ्या बाईंनी लॅपटॉपवर एक आवाज ऐकवला आणि विचारलं, हा कसला आवाज? वर्गातल्या बहुतेकांनी 'घोरण्याचा' असं सांगितलं. मी सांगितलं नाही, कारण तो आवाज मी आधी ऐकला होता. गर्द (म्हणजे हेरॉइन), मॉर्फिन, फेंटॅनिल किंवा दुखण्यावरच्या काही गोळ्या, म्हणजे अफूच्या कुळातलं काहीही प्रमाणाबाहेर गेलं की मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की श्वास घ्यायची जी आठवण आपोआप होते, तीच होईनाशी होते. जीभ मागे पडते, घसा सैल होतो आणि उरलासुरला श्वास त्या चिंचोळ्या जागेतून घरघरत जातो. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, बरं झालं, झोपला बिचारा. मलाही तसंच वाटलं होतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं, कारण संध्याकाळपासून तो अस्वस्थ होता आणि रात्र कशी जाईल याची मला धास्ती होती.

दार आतून लावलेलं होतं, हे त्या नोंदीत नाही. त्यासाठी रकानाच नव्हता.

आमचं निवासगृह परवानाधारक आहे. मानसिक आजार असलेले, अपंगत्व आलेले, एकटे राहू न शकणारे प्रौढ आणि काही म्हातारी माणसं, अशा छत्तीस खोल्या. कागदोपत्री ते लाभार्थी, आमच्या तोंडी खोली नंबर. 'नऊ जेवला का?', 'चोवीसला औषध दिलं का?' ही सवय वाईट आहे हे कळतं, पण रात्री तीन वाजता ती सुटत नाही.

परवान्याच्या अटींत एक वाक्य असतं. शब्दरचना जागोजागी बदलते, पण मतलब एकच : निवाशांना सुरक्षित वातावरण द्यावं. आमच्या व्यवस्थापनाने या वाक्याचं भाषांतर एका फलकात केलं होतं. प्रवेशद्वाराशी लाल अक्षरांत लिहिलेलं, 'आवारात अमली पदार्थ आढळल्यास तात्काळ निष्कासन.' फलक लावला की सुरक्षितता झाली. फलक कुणाच्या सुरक्षिततेसाठी आहे, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला तर तो योग्यच वाटायचा. शेजारच्या खोलीत आजारी माणूस राहतो, खाली म्हाताऱ्या बायका राहतात, त्यांच्यात हे धंदे कशाला?

त्या फलकामुळे नशा थांबली नाही. नशेविषयी बोलणं मात्र पार थांबलं. घेणारे घेतच होते, फक्त आता ते दार लावून, एकट्याने, घाईघाईत आणि एकदम घेत होते. थोडी घेऊन, पाच मिनिटं थांबून, माल कसला आहे याचा अंदाज घ्यायला सवड नसायची, कारण बाथरूममध्ये किती वेळ बसणार? पुडी खोलीत ठेवायची चोरी, म्हणून आहे तेवढी एकाच वेळी संपवायची. आज मी नव्या कर्मचाऱ्यांना ओव्हरडोसची कारणं शिकवतो तेव्हा फळ्यावर हेच लिहितो : एकटेपणा, घाई, माल किती तीव्र आहे याचा पत्ता नसणं आणि एकावर एक दोन-तीन पदार्थ घेणं. लिहून झालं की लक्षात येतं, यातली पहिली तीन आम्हीच पुरवत होतो.

आम्ही कर्मचारीही त्या फलकाचं ऐकायला शिकलो. 'खोलीत वास आला' असं नोंदवहीत लिहिलं की चार फॉर्म भरायचे, सकाळी साहेबांसमोर उभं राहायचं आणि पोराला बाहेर काढताना त्याची पिशवीही आपणच भरायची. 'वातावरण सामान्य' लिहिलं की घरी जायचं. रात्रीचा राउंड घेताना मी काही दारांपाशी पावलं लवकर उचलायचो. नाकाला समजलेलं वहीपर्यंत पोचू नये, एवढी काळजी मी घेत होतो. याला खोटं म्हणता येणार नाही, कारण मी खोटं काही लिहिलं नाही. मला फक्त माहीत करून घ्यायचं नव्हतं.

एका पोराची पिशवी मी भरली आहे. पंचविशीही गाठली नव्हती. आमच्याकडे आल्यापासून चार महिने तो क्लीन होता. आला तेव्हाची त्याची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरची तडफड, मी पाहिली आहे. नाकाडोळ्यांतून पाणी, पाय सारखे झाडणं, अंगावर काटा, पोटात पिळे. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला होता, सर, मला कुणीतरी आतून पिळून वाळत घालतंय. त्यातून तो निघाला. चार महिन्यांनी एके दिवशी त्याच्या चादरीखाली चकाकी सापडली, गर्द तापवून ओढायचा चांदीचा कागद, खालून काळा पडलेला. नियम म्हणजे नियम. दुपारी दोनला तो फाटकाबाहेर होता. त्याने वादही घातला नाही. पिशवीची चेन अडकत होती, ती मी ओढून लावून दिली, तर उलट मलाच 'थँक यू' म्हणाला.

त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पण चार महिने बंद असलेल्या शरीराचं काय होतं, हे आता माहीत आहे. रोज घेणाऱ्याचं शरीर त्या मात्रेला सरावलेलं असतं. बंद केलं की तो सराव काही दिवस-आठवड्यांत ओसरतो, पण डोक्यात माप जुनंच राहतं. जी मात्रा त्याला चार महिन्यांपूर्वी जेमतेम पुरायची, तीच आता जीव घेऊ शकते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका त्याच राज्यातल्या इतर लोकांच्या तुलनेत १२९ पट निघाला. तुरुंगाच्या जागी उपचार केंद्र घाला, रुग्णालय घाला, आमच्यासारखं घर घाला, शरीराला फरक कळत नाही. म्हणजे ज्या दिवशी त्याला आमची सगळ्यात जास्त गरज होती, नेमक्या त्याच दिवशी आम्ही त्याला बाहेर काढलं, आणि कारणही तेच दिलं.

हा आकडा वाचला त्या रात्री मी पुष्कळ वेळ ती पिशवीची चेनच आठवत बसलो होतो.

आमच्याकडे बदल झाला तो या दोघांमुळे नाही, हे कबूल करायला लाज वाटते. बदल झाला सफाईच्या मावशींमुळे. खोली बदलताना त्यांनी गादी उचलली आणि खाली ठेवलेली सुई हातमोज्यातून थेट तळहातात गेली. मावशींनी आधी रक्त बघितलं, मग सुई बघितली, मग माझ्याकडे. नळाखाली हात धरून आम्ही साबणाने धूत राहिलो आणि तेवढ्यात मी फोनवरून गाडी बोलावत होतो. अशा टोचण्यातून, सुईवरचं रक्त बाधित असलं तरी, एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हिपॅटायटिस बी-ची मात्र लस घेतलेली नसेल तर त्याहून कितीतरी जास्त. एचआयव्हीसाठी ७२ तासांच्या आत औषध सुरू करावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. मावशींना हजारात तीन वगैरे सांगून काही उपयोग नव्हता. त्यांना मळमळायचं, जेवण जायचं नाही, आणि घरी कुणाला सांगायची सोय नव्हती. अठ्ठावीस दिवस त्या कामावर आल्या. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या तेव्हा त्या मला म्हणाल्या, "सर, त्या पोरानं तरी सुई टाकायची कुठं होती?"

सुई टाकायला जागाच नव्हती. वापरलेल्या सुयांचा जाड प्लास्टिकचा पिवळा डबा आमच्याकडे फक्त नर्सच्या खोलीत होता, कुलुपात.

डबा बाथरूममध्ये लावायचा का, यावर व्यवस्थापनाच्या तीन बैठका झाल्या. 'डबा लावला म्हणजे आपणच परवानगी दिली,' असं एकाचं म्हणणं. 'तपासणी अधिकाऱ्याने पाहिला तर परवाना जाईल,' असं दुसऱ्याचं. तिसऱ्या बैठकीला मावशींना बोलावलं. त्या फार बोलल्या नाहीत, हात पुढे करून दाखवला. डबे लागले. चार महिन्यांनी तपासणी आली. अधिकाऱ्याने डबा पाहिला, मी श्वास रोखला. त्यांनी विचारलं, हा रिकामा कोण करतं, आणि त्याची नोंद कुठे आहे? नोंद दाखवली. ते पुढे गेले. इतकी वर्षं आम्ही ज्या परवान्याला घाबरत होतो, त्यातला बराचसा आम्हीच मनाने लिहिलेला होता. (काही ठिकाणी तपासणी करणारे इतके समजूतदार नसतात, हेही खरं. मी आमच्यापुरतं सांगतोय.)

डब्यामागून नॅलोक्सोन आलं. १९६१ मध्ये पेटंट झालेलं, १९७१ पासून अमेरिकेत मान्यता असलेलं जुनं, साधं औषध. मेंदूतल्या ज्या जागांना गर्द चिकटून बसतं तिथून ते त्याला ढकलून देतं. इंजेक्शन मिळतं, नाकात मारायचा फवाराही मिळतो. ओव्हरडोस झालाच नसेल आणि चुकून दिलं तरी अपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की ओव्हरडोस ज्यांच्या डोळ्यांसमोर होण्याची शक्यता आहे, त्या प्रत्येकाच्या हाताशी हे असावं. म्हणजे डॉक्टरांच्याच नव्हे, तर घरच्यांच्या, मित्रांच्या आणि आमच्यासारख्या पहारेकऱ्यांच्याही. आमच्याकडे ते आता जिन्यापाशी अग्निशामकाच्या शेजारी लटकवलेलं असतं. कुलूप नाही. कुलूप लावायचा आग्रह झाला होता. मी विचारलं, मग अग्निशामकालाही लावू या का?

पहिल्यांदा ते मी वापरलं एका बाईसाठी. खालच्या मजल्यावरचं बाथरूम, ती भिंतीला टेकून बसलेली, हनुवटी छातीवर. ओठ जांभळट करडे. पापणी वर केली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मी हाक मारली, खांदे हलवले, बोटांच्या पेरांनी छातीचं मधलं हाड जोरात चोळलं, काही नाही. आडवं केलं, एका नाकपुडीत फवारा मारला आणि तोंडाने श्वास देत राहिलो. हा भाग लोक विसरतात. औषध चढेपर्यंतची दोन-तीन मिनिटं श्वास आपणच पुरवायचा असतो. दुसऱ्या फवाऱ्यानंतर तिने बुडलेला माणूस वर येताना घेतो तसा श्वास ओढला.

आणि मग तिने मला शिव्या घातल्या. सिनेमात असं झालं की मिठी मारतात. प्रत्यक्षात नॅलोक्सोन माणसाला एका क्षणात थेट टर्कीत फेकतं. उलटी, थरथर, सगळ्या अंगाची आग, आणि समोर जो असेल त्याच्यावर संताप. तिला उठून जायचं होतं, अजून घ्यायचं होतं. खरी परीक्षा इथे असते, कारण या औषधाचा अंमल अर्धा ते दीड तास टिकतो. आत गेलेला पदार्थ त्याहून जास्त वेळ टिकणारा असेल तर औषध उतरलं की माणूस पुन्हा बुडतो. आणि नॅलोक्सोनचा अंमल चालू असताना वर अजून घेतलं तर कळतही नाही किती घेतलं ते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी दारात बसून होतो. ती मला जे जे म्हणाली ते सगळं ऐकून घेतलं. जाताना तिने विचारलं, "आता काढणार ना मला?" मी नाही म्हटलं. मला तो अधिकार आहे की नाही हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं.

नशा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तरुण पोरंच येतात. मला शिकवलं ते एका आजींनी. त्या सतराव्या खोलीत. झोपेच्या गोळ्या त्यांना वर्षानुवर्षं लिहून दिलेल्या होत्या, आणि ठरलेल्यापेक्षा जास्त त्या कुठून तरी मिळवत होत्या. खोल्यांच्या झडतीत त्यांच्या कपाटातल्या मोज्यांत शंभरावर गोळ्या सापडल्या. आम्ही त्या सगळ्या जप्त केल्या, डॉक्टरांना न विचारता, आणि स्वतःवर खूश झालो. तिसऱ्या दिवशी सकाळी आजींना फिट आली. गर्द एकदम बंद केला तर माणूस तळमळतो, पण त्याने सहसा मरत नाही. दारू आणि झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर मात्र झटके येतात, भ्रम होतो, जीव जाऊ शकतो. त्या आठवड्या-महिन्यांनी हळूहळू उतरवाव्या लागतात. आम्ही सुरक्षिततेच्या नावाखाली जे केलं ते त्या वर्षातलं सगळ्यात धोक्याचं काम होतं. आजी वाचल्या. रुग्णालयातून परत आल्यावर मला म्हणाल्या, "विचारलं असतंस तर दिल्या असत्या रे मी. मलाही भ्या वाटायचं."

झडती पूर्ण बंद केली असं नाही. पण आता ती निवाशासमोर, दोघांनी आणि कारण सांगून होते. खोली ही त्याची आहे, हे धरून. लघवीच्या तपासणीवरचा माझा विश्वास मात्र उडाला. ती पट्टी माणूस आज कसा आहे ते सांगत नाही, मागे कधीतरी काय झालं ते सांगते. रोज गांजा ओढणाऱ्याने सोडला तरी काही आठवडे पट्टी बोट दाखवत राहते. उलट अफूच्या नेहमीच्या पट्टीत फेंटॅनिल दिसतच नाही, त्याची चाचणी वेगळी. खसखस खाल्ल्यानेही मॉर्फिन दिसू शकतं. अमेरिकेत नोकरीच्या ठिकाणच्या तपासणीची मर्यादा त्यापायी १९९८ मध्ये मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर न्यावी लागली. अशा पट्टीवर कुणाचं छप्पर ठरवायचं?

आणि एक गोष्ट, जी आमच्यात दबक्या आवाजात बोलली जाते. माल नेहमी फाटकातूनच येतो असं नाही. कधी तो औषधांच्या ट्रॉलीवरून येतो. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंच्या पाठीवर वेदनेसाठी फेंटॅनिलची पट्टी असायची, दर तीन दिवसांनी बदलायची. एका सकाळी ती नव्हतीच. त्या बोलू शकत नव्हत्या, नुसत्या कण्हत होत्या, आणि आधीच्या पाळीने वहीत लिहिलं होतं, 'रात्र शांत.' वापरून काढलेल्या पट्टीतही एखाद्याला मारायला पुरेल इतकं औषध उरलेलं असू शकतं, म्हणून ती चिकट बाजू आत घेऊन दुमडायची, दोघांच्या सहीने नोंदवायची. आम्ही नव्या पट्ट्या मोजत होतो, जुन्या कचऱ्यात टाकत होतो. ती कुणी काढली हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. संशय आमच्यातल्याच एकावर होता. त्याला कुणी 'तात्काळ निष्कासन' केलं नाही, त्याने राजीनामा दिला आणि सगळ्यांना बरं वाटलं. लाल फलक कर्मचाऱ्यांच्या खोलीत कधीच लावलेला नव्हता. आता आम्ही पाळी बदलताना दोघं मिळून मोजतो आणि पट्टी जागेवर आहे का हे दर पाळीला बघतो. चिडचिड होते, वीस मिनिटं जातात.

आता ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही त्याबद्दल.

आमच्याकडे एक काका राहत होते, दारू आणि गर्द दोन्ही सोडून तीन वर्षं झालेले. फलक उतरवला, धोरण बदललं, 'सापडला तर आधी बोलू, मग बघू' असं ठरलं, तेव्हा ते माझ्या खोलीत आले. बसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही त्यांना सांभाळताय, चांगलं आहे. माझं काय? माझ्या भिंतीपलीकडे चकाकी तापते, वास येतो. मी रात्रभर गादी धरून बसतो. मी सोडलं ही माझी चूक झाली का?" मी त्यांना खोली बदलून दिली, दुसरा मजला दिला, खिडक्यांना पंखे बसवले. ते सहा महिन्यांनी दुसऱ्या संस्थेत गेले, जिथे अजून लाल फलक आहे. जाताना भांडले नाहीत. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि माझंही बरोबर होतं, आणि एका इमारतीत दोन्ही बसवायला जागा पुरत नव्हती. नशा थांबवण्याऐवजी तिची हानी कमी करण्याबद्दल उत्साहाने बोलणाऱ्यांच्या सभेत मी कधी गेलोच, तर मला हे काकाच आठवतात.

हेही सांगतो की एकाला आम्ही बाहेर काढलं. तो विकत होता. आणि एका मतिमंद मुलीला 'डोकं दुखतंय ना, हे घे' म्हणून देत होता. घेणारा आणि दुसऱ्याला पाजणारा हे दोन वेगळे, आणि दुसऱ्याच्या बाबतीत माझा हात थरथरला नाही. फक्त त्याला दुपारी दोनला फाटकाबाहेर उभं केलं नाही. पुढची जागा ठरल्यावर, नॅलोक्सोनचा एक फवारा पिशवीत घालून पाठवलं. त्यावरूनही आमच्यात भांडण झालंच.

जगात लोक याच्या पुष्कळ पुढे गेले आहेत. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये १९८६ मध्ये पहिलं असं ठिकाण निघालं जिथे माणसं देखरेखीखाली नशा करू शकतात. कॅनडातल्या व्हॅंकूव्हरमध्ये २००३ पासून तसं केंद्र आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ मध्ये काहींनी घराची अट उलटी केली : आधी घर द्या, नशा सोडायचं नंतर बघू. आमचं घर त्यातलं काही नाही आणि होणारही नाही. आमच्याकडे खुर्च्या कमी, माणसं कमी. पण मेथाडोन, म्हणजे गर्दच्या जागी देखरेखीखाली ठरलेल्या मापात द्यायचं अफूच्याच कुळातलं औषध, आता आम्ही मिळवून देतो. व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर या डॉक्टरांनी १९६५ मध्ये त्याचा अवघ्या बावीस रुग्णांवरचा अनुभव छापला होता. २००५ पासून मेथाडोन आणि त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आमच्यातले काही अजूनही म्हणतात, एक नशा सोडवून दुसरी लावली. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. सकाळी नऊला रांगेत उभं राहून, नर्ससमोर पिऊन, तोंड उघडून दाखवून दिवसाच्या कामाला लागणारा माणूस मला दिसतो, आणि तोच माणूस आधी कसा होता तेही मी पाहिलेलं आहे.

अधीक्षक झालो तरी आठवड्यातली एक रात्रपाळी मी ठेवली आहे. खोली ११ मध्ये आता पन्नाशीचा एक गृहस्थ असतो. मेथाडोनवर आहे, बऱ्यापैकी सावरलाय, पण महिन्या-दोन महिन्यांनी घसरतो. मेथाडोनवर आणखी घेणं किती धोक्याचं, हे त्याला माझ्याइतकंच पाठ आहे. गेल्या आठवड्यात अकराच्या सुमाराला तो जिन्यापाशी आला, भिंतीकडे बघत म्हणाला, "सर, आज घेतलंय. थोडंच. दार लावत नाही."

मी 'बरं' म्हटलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी त्याला वीस मिनिटं समजावलं होतं, आणि पुढच्या वेळी त्याने सांगितलंच नाही. तेव्हापासून मी नुसतं 'बरं' म्हणतो. समजावायचं ते सकाळी.

व्हरांड्यातला दिवा मंद केला, खुर्ची त्याच्या दारासमोर आणली. तो कुशीवर होता, पाठीशी उशी लावलेली, ती त्याने स्वतःच लावली होती. पांघरूण वर-खाली होताना घड्याळात बघून मिनिटभर मोजायचं. बारा ते वीस म्हणजे ठीक. दहाच्या खाली गेलं की हाक मारायची, आठाला उठून फवारा हातात घ्यायचा. मोजताना आपलाही श्वास त्याच लयीत जायला लागतो, मग मोजणी चुकते, पुन्हा पहिल्यापासून.

वहीत आता दोन रकाने जास्त आहेत. त्या रात्रीच्या नोंदी अशा :

'२.३० : खोली ११. दार उघडं. श्वास १२. हाक मारल्यावर "काय" म्हणाला.'

'२.४५ : खोली ११. श्वास ११. पायाला हात लावून उठवलं. डोळे उघडले.'

'३.०० : खोली ११. श्वास १३. "झोपू द्या की सर" म्हणाला.'